मार्चनंतर कोकण किनाऱ्यावरचे सीगल जातात कुठे?

सीगलला आपल्याकडे कुरव म्हणतात. हर्णै-आंजर्ल्याला हिवाळ्यात थव्याने दिसणाऱ्यांत तपकिरी डोक्याचा कुरव असतो, आणि त्याची वीण समुद्राकाठी होतच नाही! ती होते तिबेट, लडाख, मध्य आशियातल्या उंच तळ्यांवर. लडाखचं त्सो मोरीरी साधारण ४५०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर. हिवाळ्यात ते गोठतं. वसंतात बर्फ वितळू लागलं की पाणपक्षी परततात आणि तळ्यातल्या बेटांवर, दलदलीत घरटी करतात.

निघायची तयारी मात्र आपल्याला इथेच बघायला मिळते. डिसेंबरात त्यांचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळपट ठिपका. शिमग्याच्या सुमारास नीट पाहा, डोक्यावर तपकिरी टोपी चढू लागलेली दिसेल. वाळूवर बसलेल्या एकाच थव्यात पांढरी, अर्धवट रंगलेली आणि पूर्ण तपकिरी डोकी एकत्र बघणं मला फार आवडतं. तेव्हा कृपा करून फोटोसाठी धावत जाऊन थवा उडवू नका. त्यांना हिमालयापलीकडे जायचंय, अंगावरची चरबी हीच वाटेतली शिदोरी.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत येतात.