दिरांकडची दहा दिवसांची सुट्टी आणि 75 ची तूट

प्रश्न थोडक्यात: पाच महिन्यांनी दहा दिवसांच्या सुट्टीत दिरांच्या घरी जायचं आहे. सासूबाई तिथेच असतात, वय झालंय, धाकट्या नातवाला त्यांनी अजून पाहिलेलं नाही. मुलगी पाच वर्षांची, मुलगा सुट्टीच्या आठव्या दिवशी दोन वर्षांचा होईल. सहा दिवस दिरांकडे, शेवटच्या चार रात्री जवळच्या पर्यटनस्थळी हॉटेलात, आणि एकूण सात ठिकाणी फेरफटका असा बेत आहे. जमवलेले पैसे पुरत नाहीत. उरलेली रक्कम 10 टक्क्यांच्या कर्जातून उभी करावी की अडीअडचणीच्या निधीतून घ्यावी?

ताई, तुम्ही दिलेले आकडे मी महिन्याचं उत्पन्न 100 धरून मांडतो, म्हणजे इतरांनाही आपला हिशेब ताडता येईल. घरखर्च 88, बचत 12, तीही मुलांच्या शिक्षणासाठी. निधी 240. सुट्टीसाठी बाजूला 45. अंदाजित खर्च 120: प्रवास 40, हॉटेल 24, फिरणं 30, भेटवस्तू 12, कपडे आणि किरकोळ 14. तूट 75.

आधी कर्जाचं बघू, कारण तिथे तुमची दिशाभूल होतेय. तुम्हाला सांगितलेला 10 टक्के दर पूर्ण रकमेवर वर्षभर लावलेला आहे. 75 वर 7.5 व्याज, एकूण 82.5, महिन्याला जवळपास 6.9 चा हप्ता. पण मुद्दल तर तुम्ही दर महिन्याला फेडत जाणार. वर्षभरात तुमच्याकडे सरासरी निम्म्याहून थोडीच जास्त रक्कम असते, व्याज मात्र पूर्ण 75 वर. घटत्या शिल्लकीवर हिशेब केला तर हा दर 18 टक्क्यांच्या आसपास येतो. आणि 12 च्या बचतीतले 6.9 वर्षभर हप्त्यात गेले, तर पुढची सुट्टी तोंडावर येईल तेव्हाही तुम्ही याच सुट्टीचे पैसे फेडत असाल. माझं उत्तर नाही असं आहे.

निधीलाही हात लावू नका. 240 म्हणजे आजच तीन महिन्यांचा खर्चसुद्धा पुरा होत नाही. त्यातून 75 काढले की दोन महिन्यांचाही उरत नाही, तो परत भरायला सहा महिन्यांहून जास्त लागतील. लहान मुलं घेऊन घराबाहेर असताना दवाखान्याची वेळ येण्याची शक्यता जास्त, आणि नेमका तेव्हाच निधी आटलेला असेल.

तरी सुट्टी पुढे ढकला असं मी म्हणणार नाही. तुमच्या यादीत दोन वेगळे खर्च एकत्र झालेत. एक भेटीचा, एक फिरण्याचा. फिरायची ठिकाणं दोन वर्षांनीही तिथेच असतील, उलट तेव्हा मुलगी उंचीची अट असलेल्या पाळण्यांवर बसू शकेल. सासूबाईंच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. ‘मुलांना आठवणी मिळाव्यात’ असं तुम्ही लिहिलंय. मोठेपणी माणसाला आठवणारी पहिली आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. मुलाला यातलं काही आठवणार नाही, मुलीला तुकड्यातुकड्याने आठवेल. आठवणार आहे ते आजीला. म्हणून भेटीवर हात आखडू नका, कात्री फिरण्याला लावा.

एक खर्च तर तुम्ही कमी धरलाय. बहुतेक विमान कंपन्यांत दोन वर्षांखालचं मूल मांडीवर, थोड्या भाड्यात जातं. वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशीचं. जाताना मुलगा दोन वर्षांखाली, येताना वर. परतीला त्याला स्वतःची जागा लागेल, म्हणजे आणखी साधारण 6. वाढदिवसाआधी परतलात तर हे वाचतील. मी मात्र वाचवणार नाही. आजीसमोर होणारा वाढदिवस हे या प्रवासाचं अर्धं कारण आहे. प्रवास 46 धरा.

आता फिरणं. सात ठिकाणांचे 30 तुम्ही चार जणांचे धरलेत. पण दिरांची दोन मुलं घरी ठेवून तुम्ही आपल्या दोघांना घेऊन निघणार आहात का? जाऊबाई, दीर, सासूबाई धरून नऊ माणसं होतात, आणि ज्यांच्या घरी राहतोय त्यांना तिकिटं काढू देणं बरं दिसत नाही. असे घरोघरचे हिशेब इथेच कोसळताना मी पाहिलेत. तेव्हा मोठं ठिकाण एकच, पण सगळ्यांचं, तिकिटं तुमची: 10. बाकी सकाळी बाग, संध्याकाळी मैदान. दुपारी झोपणाऱ्या मुलाला रोज नवं ठिकाण दाखवलं तर त्याची चिडचिड होते आणि मोठ्यांचा दिवस जातो. दिरांशी हे निघण्याआधी फोनवरच बोला, काउंटरवर पाकिटं काढून ओढाताण नको.

हॉटेल पूर्ण रद्द करू नका. एका घरात नऊ माणसं सलग दहा दिवस म्हटल्यावर प्रेम असूनही दमणूक होते. दोनच रात्री ठेवा, 12, आणि शेवटी नको, मध्ये. जाऊबाईंनाही दोन दिवस उसंत मिळेल, आणि वाढदिवसाला तुम्ही घरी असाल.

भेटवस्तू 8 मध्ये बसतील. त्यातला मोठा भाग त्या घरातल्या वाणसामानाला द्या, ते जास्त उपयोगी पडतं. किरकोळ 6. नवी बॅग, नवे कपडे, बाबागाडी यातलं काही विकत घ्यायची गरज नाही. जाऊबाईंची मुलं मोठी झालीत, त्यांच्या माळ्यावर काय काय असेल ते विचारा.

बेरीज 82. हातात 45. पाच महिने मुलांच्या शिक्षणाच्या 12 मधले 8 इकडे वळवा, 40 होतील. एकूण 85, म्हणजे 3 उरतात. शिक्षणाच्या खात्यात 40 कमी पडणार, हे मला आवडत नाही, पण हा खड्डा पाच महिन्यांत संपतो. कर्जाचा वर्षभर चालला असता आणि दुप्पट खोल होता. सहाव्या महिन्यापासून पूर्ण 12 परत सुरू होतील, अशी सूचना बँकेला आजच देऊन ठेवा.

तिकिटांना 46 लागतात आणि आज 45 आहेत. पुढच्या महिन्याचे पहिले 8 जमा झाले की त्याच दिवशी तिकिटं काढा, आणि काढताना मुलाची जन्मतारीख परतीच्या तारखेशी पुन्हा ताडून बघा.