परदेशी जाताना जपून राहायचं असेल, तर आधी घराची हवा बघा

तुमचा प्रश्न असा: आई ७२ वर्षांच्या, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू, घरात सगळे कोविड टाळायला अजूनही मास्क लावतात. जर्मनी, कॅनडा, जपान, सिंगापूर, चारही ठिकाणी नोकरीची शक्यता आहे. जपून राहणाऱ्यांना कुठला देश बरा आणि निघण्याआधी काय तयारी करायची?

देशांची क्रमवारी लावायच्या नादाला लागू नका. २०२१ साली तशी क्रमवारी लावता येत होती. न्यूझीलंडने १९ मार्च २०२० ला सीमा बंद केल्या, परतणाऱ्याला १४ दिवस सक्तीच्या विलगीकरणात ठेवलं, आणि आतले लोक महिनोन्महिने मोकळे फिरले. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात जानेवारी २०२१ पासून दुकानांत आणि बस-ट्रेनमध्ये साधा मास्क चालेनासा झाला, चेहऱ्याला घट्ट बसून बारीक कण गाळणारा एफएफपी२च लागायचा. आता यातलं काही उरलेलं नाही. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांतली आणि सिंगापूरच्या बस-मेट्रोतली मास्कसक्ती फेब्रुवारी २०२३ मध्ये उठली. जपानने १३ मार्च २०२३ पासून मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला. तुमच्यापुरता फरक उरतो तो तीन गोष्टींत: आईंना सोबत नेता येतं का, घर कसं मिळतं आणि आजारी पडल्यावर औषध किती लवकर हातात येतं.

पहिली गोष्ट थोडक्यात, पण इथेच बरेच बेत फसतात. जपानमध्ये आईवडिलांना सोबत ठेवायची सोय मुख्यतः ‘उच्च कुशल’ व्हिसावाल्यांना आहे, आणि तीही घरात सात वर्षांखालचं मूल किंवा गरोदरपण असेल तर. सिंगापूरमध्ये मोठ्या पगाराची अट आहे. जर्मनीत १ मार्च २०२४ पासून कुशल कामगारांसाठी वाट उघडली, पण सरकारी आरोग्यविम्याच्या कौटुंबिक संरक्षणात आईवडील येत नाहीत, त्यांचा विमा वेगळा काढावा लागतो. आईवडिलांसाठीचा कॅनडाचा सुपर व्हिसा एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो, त्यासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा खासगी विमा लागतो. या विम्यात ‘आधीपासूनचा आजार’ हे कलम शब्दन् शब्द वाचा. औषधाची मात्रा अलीकडे बदलली असेल तर तो आजार ‘स्थिर’ धरत नाहीत आणि दावा फेटाळतात. म्हणून मात्रेत काही बदल करायचा असेल तर विमा घेण्याच्या बऱ्याच आधी करून घ्या.

आता घर. विषाणू श्वासातल्या बारीक थेंबांतून पसरतो आणि बंद खोलीत तासन् तास तरंगतो, त्यामुळे घर बघताना खिडक्या कुठे उघडतात हे स्वयंपाकघराच्या आधी बघा. दोन समोरासमोरच्या भिंतींत उघडणाऱ्या खिडक्या असतील तर अर्धं काम झालं. जर्मनीत खिडकी तिरकी ठेवण्यापेक्षा पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडून हवा बदलायची रीत आहे. ती कडाक्याच्या थंडीतही पाळा, कारण तेवढ्या वेळात हवा बदलते आणि भिंती गार होत नाहीत. सिंगापूरमधला भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच ती हवा गार करून फिरवतो. एसी लावून चार पाहुणे बसले तर खोली बंद डब्यासारखी होते. कॅनडात अनेक नव्या घरांत हवा आत-बाहेर करणारं यंत्र असतं. ते चालू आहे का आणि त्याची जाळी कधी बदलली, हे घरमालकाला लेखी विचारा. जिथे गरम हवेच्या नळ्या आहेत तिथे पंखा ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर करा, आणि घर गरम करणाऱ्या भट्टीला झेपत असेल तर मर्व्ह १३ दर्जाचा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो याचं माप) फिल्टर बसवा. झेपत नसताना बसवला तर हवा कमी वाहते आणि यंत्रावर ताण येतो.

हवा कशी आहे हे नाकाला कळत नाही, त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या. त्यावर एनडीआयआर सेन्सर (अवरक्त किरणांनी वायू थेट मोजणारा) लिहिलेलं असायला हवं. स्वस्त यंत्रं वासांवरून अंदाज करतात, त्यांचा काही उपयोग नाही. पारख सोपी आहे: उघड्यावर नेलं की आकडा साधारण ४२० ते ४५० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) यायला हवा. आपण सोडलेल्या श्वासात सुमारे ४० हजार पीपीएम असतो. म्हणजे खोलीत ८०० दिसलं तर तुमच्या प्रत्येक श्वासातला साधारण शंभरावा भाग दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. १२०० ला तो दुप्पट होतो. मात्र हेपा (अतिबारीक कण गाळणारा) फिल्टर विषाणू अडवतो, वायू अडवत नाही. त्यामुळे हवा गाळणारा प्युरिफायर चालू असलेल्या खोलीत किंवा उडत्या विमानात मीटरचा मोठा आकडा बघून लगेच घाबरू नका.

प्युरिफायर इथून नेऊ नका. २३० व्होल्टचं यंत्र जपानच्या १०० किंवा कॅनडाच्या १२० व्होल्टवर नीट चालत नाही, उलट तिकडचं इकडे लावलं तर जळतं. शिवाय बदली फिल्टर तिकडे मिळेलच असं नाही. तिथे पोचल्यावर घ्या, हिशेब करून घ्या. खोली ४ मीटर बाय ३ मीटर, उंची २.६, म्हणजे ३१ घनमीटर. तासाला सहा वेळा हवा गाळायची तर १८७ घनमीटर प्रतितास लागतात. पण हा दर जाहिरातीत सर्वांत मोठ्या वेगाचा देतात, आणि त्या वेगाला आवाज इतका होतो की माणसं यंत्र बंदच करून टाकतात. म्हणून ३०० ते ३५० क्षमतेचं घ्या आणि मधल्या वेगावर दिवसरात्र ठेवा. आयन किंवा ओझोन सोडणारं बटण असेल तर ते बंदच राहू द्या. कॅनडात चौकोनी बॉक्स फॅन सहज मिळतो. २० इंची मर्व्ह १३ फिल्टर चार बाजूंना, खाली पुठ्ठा, वर पंखा, सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद, की कॉर्सी-रोझेन्थाल पेटी, म्हणजे घरी बनवलेला प्युरिफायर, तयार. फिल्टरवरचे बाण आतल्या दिशेला हवेत आणि पंख्याने हवा वर फेकायला हवी. या दोन ठिकाणी चूक हमखास होते.

मास्क प्रत्येक देशात वेगळ्या नावाने मिळतात: कॅनडात एन९५, जर्मनीत एफएफपी२, जपानमध्ये डीएस२. आईंच्या चेहऱ्याला बसलेला प्रकार तीन महिने पुरेल इतका सोबत न्या, कारण नवा मास्क बसेपर्यंत दोन-चार प्रकार वाया जातात. कानाला अडकवायच्या पट्ट्यांपेक्षा डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यांनी मास्क घट्ट बसतो. जोरात श्वास सोडल्यावर नाकाजवळून वारा डोळ्यांत आला किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर तिथे फट आहे. दाढी असेल तर मास्क टेकतच नाही.

विमानात मोठा धोका उडताना नसतो. तेव्हा हवा हेपातून जाते आणि तासाला वीसेक वेळा बदलते. धोका रांगेत, बसमध्ये आणि विमान जमिनीवर उभं असताना असतो, कारण तेव्हा हवा पुरेशी खेळेलच याचा भरवसा नसतो. तेवढा वेळ मास्क अजिबात काढू नका. जेवण शेजारी खात असताना टाळा, त्यांचं झाल्यावर उरका. डोक्यावरची हवेची तोटी उघडी ठेवा.

औषधाची तयारी निघण्याआधी करा. कोविडची लस प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी द्या. पॅक्सलोविड ही कोविडवरची गोळी लक्षणं दिसल्यापासून पाच दिवसांत सुरू करावी लागते, आणि ती टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं) किंवा सिमव्हास्टॅटिनसारख्या (कोलेस्टेरॉलच्या) औषधांशी जुळत नाही. आईंच्या डॉक्टरांकडून मूळ (ब्रँडच्या नव्हे) नावांनी औषधांची यादी, मात्रा, किडनीचा ताजा अहवाल आणि ‘कोविड झाल्यास काय द्यावं’ हे इंग्रजीत लिहून घ्या. अनोळखी डॉक्टरला मग ठरवायला वेळ लागत नाही. तुमचा स्वतःचा विमाही तपासा: कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सरकारी विमा आलेला महिना अधिक दोन महिने थांबून सुरू होतो, तोवर खासगी हवाच.

कोविडच्या घरच्या चाचण्या २ ते ३० अंशांत ठेवायच्या असतात, त्यामुळे हातातल्या बॅगेत न्या. लक्षणं असताना पहिली निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करा, आणि तोवर आईंची खोली वेगळी, प्युरिफायर त्यांच्या खोलीत.