मुलगा पहिलीत आहे. महिन्यात दोन-तीन दिवस शाळा बुडाली तर खरंच काही बिघडतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाई म्हणतात, "पहिलीत कसला आलाय अभ्यास, लेकरू आहे, राहू दे घरी." मी सोलापूरच्या पूर्व भागात बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं आहे, आणि माझं मत याच्या अगदी उलट आहे. दहावीतला मुलगा दोन दिवस घरी राहिला तर पुस्तक उघडून धडा वाचून काढेल. पहिलीच्या पोराला अजून वाचताच येत नाही, ते काय भरून काढणार?

हिशेब करून बघा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरायला हवी. महिन्याला दोन-तीन म्हणजे वर्षाकाठी २५ दिवस. आठवा हिस्सा गेला की! आणि सुटे सुटे जातात म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. पोर सलग पंधरा दिवस गावाला गेलं तर परत आल्यावर बाई त्याला जवळ बसवून घेतात. सुट्या दिवसांची अशी दखल कोण घेतंय?

एकदा जानेवारीत दुसरीला हातचा शिकवत होते. काड्या मोजायच्या, दहा झाल्या की रबर लावून जुडी करायची आणि ती शेजारच्या दशकाच्या घरात ठेवायची. दोन दिवस वर्गभर हाच खेळ. नेमकी तेव्हा एक मुलगी नव्हती, गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, पाहुणे आले होते. तिसऱ्या दिवशी आली, शेजारणीच्या वहीतून सगळं उतरवून घेतलं, अक्षर मोत्यासारखं. मी फळ्यावर २७ अधिक १५ दिलं. तिनं लिहिलं ३१२. सात नि पाच बारा, दोन नि एक तीन. तिच्या परीनं कुठेच चूक नव्हती! तशी मोजण्यात ती हुशार, घरी आई विड्या वळायची तर कट्टे हीच मोजायची. पण वर्ग हसला. पुढे दोन-तीन आठवडे गणिताचा तास आला की ती दप्तरात डोकं घालून काहीतरी शोधत बसायची.

आमच्या भागात आणखी एक अडचण. पुष्कळ घरांत तेलुगू, काही घरांत कानडी. मराठी कानावर पडायची ती शाळेतच. शनिवार-रविवारला जोडून एक दिवस बुडाला की मंगळवारी पोर पुन्हा मुकं. तुमच्या घरी मराठीच असेल तर हे सोडून द्या.

आजारपणाचं म्हणाल तर ताप, उलट्या-जुलाब, कांजिण्या असताना खुशाल घरी ठेवा, बाकीच्या पोरांवरही उपकार होतील. पण दर सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि अकरा वाजता तेच पोर गल्लीत पतंगामागे धावतंय, असं असेल तर रागावू नका, वर्गशिक्षिकेला भेटा. आमच्याकडच्या एकाचं कारण निघालं शाळेच्या संडासाची कडी. आतून लागायची नाही, म्हणून तो दिवसभर जायचाच नाही. कडी बसवली, पोट बरं झालं.

आता खरं सांगायचं तर दिवस आमच्याकडूनही जातात. निवडणुकीचं काम, कसली कसली सर्वेक्षणं, शिक्षक वर्गाबाहेर. त्याला तुम्ही-मी काय करणार? म्हणून घरच्या कारणानं जाणारे तरी वाचवा, एवढंच माझं म्हणणं.

सासूबाईंशी वाद घालू नका. शाळेतून आल्यावर "आज बाईंनी काय सांगितलं" हे रोज त्यांनीच विचारायचं, असं त्यांच्याकडे सोपवून द्या. आजीला सांगायचंय म्हणून नेमानं शाळेत येणारी पोरं मी पाहिली आहेत. आणि गड्ड्याची जत्रा म्हणाल तर ती काही अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे यात्रेच्या मुख्य विधीच्या दिवशीच उठत नाही. होम मैदानावरचे पाळणे पुढेही बरेच दिवस फिरत असतात. रविवारी संध्याकाळी न्या.