वाचकांचे प्रश्न : वहीतले शब्द जिभेवर का येत नाहीत?

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून बी.कॉम. नंतर मी नागपूरजवळ वाडी येथे एका वाहतूक कार्यालयात काम करते. इंग्रजी सुधारावे म्हणून गेले चार महिने रोज शब्दकोशातले दहा शब्द अर्थासह वहीत उतरवून पाठ करते आहे. मागच्या आठवड्यात चेन्नईच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. संत्र्यांची गाडी वाटेत बिघडली, एवढेच सांगायचे होते. पण वाक्य सुचेना आणि फोन साहेबांकडे द्यावा लागला. बाराशे शब्द पाठ असूनही असे का व्हावे? आणखी किती शब्द लागतील? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : त्या वेळी तुम्हाला हवे असलेले वाक्य ‘द ट्रक ब्रोक डाउन ऑन द वे’ असे होते. यातला एकही शब्द तुम्हाला नवा नाही; पण ‘ब्रेक’ म्हणजे मोडणे आणि ‘डाउन’ म्हणजे खाली, असे ते सुटे सुटे पाठ झालेले असल्यामुळे गाडी बिघडण्याशी त्यांची गाठ तुमच्या मनात कधी पडलीच नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की पुढचे तीन महिने वहीत एकही नवा सुटा शब्द लिहू नये.

शब्द नेहमी त्याच्या सोबत्यांसह टिपावा, कारण हे सोबती प्रत्येक भाषेत वेगळे असतात. आपण ‘घेणे’ हे एकच क्रियापद घेऊन बसतो आणि प्रत्येक ठिकाणी ‘टेक’ लावत जातो. रजा, कर्ज किंवा औषध यांच्याबाबत ते चालते. मात्र सभा ‘होल्ड’ केली जाते आणि श्वासासाठी ‘ब्रीद’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. परीक्षेची गंमत तर याहून मोठी आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. इंग्रजीत मात्र विद्यार्थी ती ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’ करतात, म्हणजे देणारा आणि घेणारा यांची चक्क अदलाबदल होते. शब्दकोशातला अर्थ कितीही घोकला, तरी ही अदलाबदल त्यातून कळत नाही. ती पूर्ण वाक्य कानावर पडले आणि तोंडून गेले, की अंगवळणी पडते.

किती शब्द लागतील, याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. ब्रिटिश राजवटीत बंगालच्या शिक्षण खात्यात काम केलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि रोजच्या व्यवहाराचा फार मोठा भाग तेवढ्यात भागतो. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीविना वाचायचे, तर मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुटुंब धरता अशी ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे लागतात. ती मजल वाचनातून हळूहळू गाठता येईल. तुमची आजची अडचण मात्र त्या पहिल्या दोन हजारांतलीच आहे.

आता वहीविषयी. वही वरपासून खालपर्यंत वाचताना प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो आणि आपल्याला तो येतो असा समज होतो. परंतु बोलताना शब्द ओळखायचा नसतो, आठवायचा असतो. म्हणून पानाच्या डावीकडे कार्यालयात रोज लागणारे मराठी वाक्य लिहा (गाडी अजून निघाली नाही, बिलात चूक झाली, माल उद्या सकाळी पोहोचेल), उजवीकडे इंग्रजी वाक्य लिहा आणि उजवी बाजू झाकून ते मोठ्याने म्हणा. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि पुढे मंदावतो. त्यामुळे उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आणि महिन्याने अशी वाढत्या अंतराने करावी; जे वाक्य अडले, ते पुन्हा पहिल्या दिवसावर आणावे.

न अडखळता बोलण्याच्या ओघासाठी वेगळा सराव लागतो आणि त्यात नवे काहीही शिकायचे नसते. इंग्रजीचे अध्यापक कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली रीत मला सर्वांत भरवशाची वाटते : एकच विषय आधी चार मिनिटे, मग तीन आणि शेवटी दोन मिनिटांत सांगायचा, प्रत्येक वेळी नव्या श्रोत्याला. घरात आईला, मग भावाला, मग मैत्रिणीला आजच्या गाड्यांची हकिकत सांगा. त्यांना इंग्रजी किती कळते, याची चिंता करू नका. तिसऱ्या खेपेस तीच वाक्ये शोधावी न लागता येऊ लागतात, आणि फोनवर तुम्हाला नेमके हेच हवे आहे. या सरावात कुणालाही मध्येच चूक दुरुस्त करू देऊ नका, कारण मराठी शाळेतून आलेल्या कितीतरी हुशार मुली चारचौघांत झालेल्या एका दुरुस्तीनंतर कायमच्या गप्प झालेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. त्याने इंग्रजी वर्तमानपत्र वाचावे अशी माझी इच्छा आहे, पण दोन ओळींतच तो कंटाळतो. काय करावे? (एक पालक, नागपूर)

उत्तर : त्याला आधी मराठी दैनिकातली बातमी वाचू द्या आणि मग तीच बातमी इंग्रजीत द्या. ‘द हितवाद’ हे इंग्रजी दैनिक १९११ पासून आपल्याच शहरातून निघते, त्यामुळे मेट्रो, पाऊस, हिवाळी अधिवेशन अशा ठाऊक असलेल्या घडामोडी त्यात सापडतील. विरोधकांनी सभात्याग केला हे त्याने आधीच वाचलेले असेल, तर ‘स्टेज्ड अ वॉकआउट’ हे शब्द त्याला आपोआप उमगतील. रोज एकच छोटी बातमी आणि तिच्यातले दोनच शब्दप्रयोग पुरेत. ते कोणते, हे त्याचे त्यालाच निवडू द्या.