आधी हात बघ

प्रिय,

तुझी आई-मुलाची रेखाटनं पाहिली. चेहरे सुबक आहेत, आईच्या डोळ्यांत माया अगदी ओसंडते आहे. मला खटकलं ते तिथेच. सगळं काम डोळ्यांवर सोपवलंस आणि मूल मात्र कडेवर चिकटवल्यासारखं झालं. त्याला वजनच नाही!

अमेरिकन चित्रकार मेरी कॅसॅटचं 1893 मधलं चित्र 'द चाइल्ड्स बाथ' समोर ठेव. आई मुलीचे पाय धुते आहे. दोघींची नजर खाली, पाण्याच्या भांड्यात. त्या आपल्याकडे बघत नाहीत, एकमेकींकडेही नाही. तरी जवळीक जाणवते, कारण ती हातांत आहे. आईच्या एका हाताचा मुलीच्या कमरेला वेढा, दुसरा पावलाशी, आणि मुलीने आईच्या मांडीवर हात टेकून तोल सावरलाय. हे टेकणं, धरणं, रेलणं आधी काढ. चेहरे कोरे ठेवूनही नातं कळलं, तर रचना जमली म्हणायची. (कॅसॅटला स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे 'अनुभव नसताना हा विषय कसा घ्यायचा' ही शंका सोडून दे.) तिचा तो वरून पाहण्याचा कोन आणि सपाट रंग जपानी छापचित्रांकडून आलेत, 1890 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात तिने ती पाहिली होती. उतामारो या जपानी छापचित्रकाराची आई-मुलंही शोधून बघ.

मग जर्मन चित्रकार केटे कोलवित्झचं 1903 मधलं 'मृत मुलासह स्त्री' बघ. मॉडेल म्हणून ती स्वतः आणि तिचा लहानगा मुलगा पेटर. आईचं तोंड मुलाच्या छातीत खुपसलेलं, डोळ्यांतले भाव दिसायची सोयच नाही. जे आहे ते मिठीत. पाहवत नाही, पण बघच. या विषयात नुसता गोडवा भरायची सवय त्याने मोडेल.

प्रमाणाचंही बघ. तान्ह्या बाळाचं डोकं उंचीच्या साधारण चौथा हिस्सा असतं. तुझी बाळं छोटी केलेली मोठी माणसं वाटतात.

आणि मूल स्थिर बसत नाही ही तक्रार नको. ते बसणारच नाही. त्याला बसवण्यापेक्षा आईला तिचं काम करू दे, वेणी घालू दे, भरवू दे, आणि तू कोळशाने भराभर काढत राहा. रेषा चुकल्या तर खोडत बसू नकोस, पुढच्या कागदावर जा. फोटोवरून तर मुळीच नको. फोटोसाठी दोघंही आधीच हसायला लागलेली असतात.

पुढच्या वेळी फक्त हात पाठव. चेहऱ्यांचं नंतर बघू.