रेडटेल कॅटफिशच्या टाकीत आफ्रिकन क्लॉड बेडूक सोडता येतील का?

तुमची टाकी चार फुटी, पाणी 27 अंशांवर, आत वीसेक सेंटिमीटरचा रेडटेल. मासा शांत आहे, दिवसभर तळाशी पडून असतो, म्हणून दोन क्लॉड बेडूक सोडावेत का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. कारणं नीट समजून घेतलीत तर पुढे दुसरी कुठली जोडी जमवतानाही उपयोगी पडतील.

रेडटेलचा शांतपणा हा दिवसाचा असतो. तो निशाचर शिकारी आहे. मिशांनी चाचपत फिरतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. दगड आणि हीटरसुद्धा गिळू पाहतो, म्हणून त्याच्या हीटरला जाळीचं कवच लागतं. क्लॉड बेडकाची मादी वाढून 10 ते 12 सेंटिमीटरची होते, नर त्याहून लहान. दुकानात मिळणारी पिल्लं तर चार-पाच सेंटिमीटरची असतात, म्हणजे आजच्या रेडटेललाही एका घासाची. हा बेडूक घाबरला की कातडीतून पांढरा चिकट स्राव सोडतो. त्यामुळे मासा गिळलेला बेडूक कधी कधी ओकून टाकतो, पण तोवर बेडूक जखमी झालेला असतो आणि माशालाही त्रास व्हायचा तो होतोच.

समजा मासा गिळणारा नाही, तरी तापमानाचा पेच राहतोच. क्लॉड बेडूक थंड पाण्याचा: 18 ते 22 अंश उत्तम, 24 ही वरची मर्यादा धरा. कायम 27 अंशांत ठेवला तर तो जिवाणूंच्या आजारांना लवकर बळी पडतो. मांडीच्या आतल्या बाजूला आणि पोटावर लाली दिसू लागली तर समजावं की प्रकरण हाताबाहेर चाललं आहे. उलट रेडटेलला 24 ते 27 अंश हवेत. पाणी 20 अंशांपर्यंत उतरलं तर त्याचं पचन मंदावतं आणि खाणं कमी होतं. मधला 23 अंशांचा तोडगा कागदावर बरा दिसतो, पण त्यात दोघांचीही ओढाताणच होते.

खरी पंचाईत आजारपणात होते, आणि तिचा विचार सहसा कोणी आधी करत नाही. माशाला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की नेहमीचे उपाय म्हणजे पाणी 30 अंशांपर्यंत तापवणं, मीठ किंवा मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मलिन, तांबं असलेली औषधं. बेडकाची कातडी पाणी आणि त्यात विरघळलेलं बरंच काही थेट आत घेते. यातला जवळजवळ प्रत्येक उपाय त्याच्या जिवावर बेतू शकतो. रेडटेललाही खवले नसतात, त्यामुळे त्याची औषधाची मात्रा आधीच जपून द्यावी लागते. एकाच पाण्यात दोघं असतील तर एकाला बरं करताना दुसरा जातो.

आता उलटी बाजू. ‘मग छोटी कॅटफिश ठेवतो’ असं म्हणाल, तर तिथे शिकारी बेडूक असतो. त्याला जीभ नसते. पुढच्या हातांनी तो सापडेल ते तोंडात कोंबतो. कोरिडोरस किंवा पिक्टस तोंडात गेली की ती आपले काटे ताठ उभे करून अडकवते आणि घास तिथेच रुतून बसतो. बऱ्याचदा दोघंही मरतात. असं झालंच तर मासा मागे ओढू नका, काट्यांना दाते असतात आणि घसा फाटतो. बेडकाला नाकपुड्या पाण्याबाहेर राहतील इतक्या उथळ पाण्यात ठेवा आणि पशुवैद्याकडून काटा कापून घ्या.

टाकीत ठेवण्यासारखी एकच मोठी कॅटफिश मला कमी धोक्याची वाटते, ती म्हणजे 25 सेंटिमीटरच्या वरचा साधा प्लेको, सोबत पूर्ण वाढलेले बेडूक. पाणी 22 ते 24 अंश, टाकी किमान 500 लिटर, फिल्टरचा प्रवाह काचेकडे वळवलेला. बेडूक अंगाच्या दोन्ही बाजूंना टाक्यांसारख्या दिसणाऱ्या संवेदनांच्या रांगांनी पाण्यातली हालचाल टिपतो, त्यामुळे जोराच्या प्रवाहात तो सतत अस्वस्थ राहतो. प्लेको भुकेला असला तर रात्री बेडकाच्या पाठीला चिकटून कातडीवरचा चिकट थर खरवडतो. दिवे बंद करताना त्याच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या टाकायच्या आणि सकाळी बेडकाची पाठ बघायची. फिकट, सोललेले चट्टे दिसले तर जोडी त्याच दिवशी मोडायची. (बेडूक अधूनमधून कात टाकतो आणि ती खातो, पातळ पारदर्शक पापुद्रा दिसला तर घाबरू नका.) तरीही मी स्वतः ही जोडी ठेवणार नाही.

टाकीच्या मध्ये पार्टिशन घालण्याचा विचार असेल तर तोही सोडा. पाणी आणि तापमान एकच राहतं, आणि वाढता रेडटेल पार्टिशन धडकेने पाडतो. तसं पाहिलं तर 120 × 45 × 45 सेंटिमीटरची, सुमारे 240 लिटरची तुमची टाकी त्याला काही महिनेच पुरेल. हा मासा मीटरभराच्या वर जातो, त्याला हजारो लिटरचं कुंड लागतं. आधी त्याची सोय बघा.

बेडकांसाठी वेगळी टाकी करणं सोपं आहे. दोघांना 75 ते 80 लिटर. पाण्याची खोली 30 ते 40 सेंटिमीटर, कारण श्वासासाठी त्यांना वर यावं लागतं. झाकण घट्ट हवं आणि वायर-नळीच्या फटीही बुजवा; एवढ्याशा फटीतून ते निसटतात आणि बाहेर सुकून मरतात. तळ मोकळा किंवा बारीक वाळूचा ठेवा. मटारएवढे खडे नकोत, ते खाण्याबरोबर पोटात जाऊन आतडं बंद करतात. एअर पंपावरचा स्पंज फिल्टर पुरतो. दर आठवड्याला 25 ते 30 टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनणारं जंतुनाशक) असेल तर क्लोरीन आणि अमोनिया दोन्ही बांधणारं औषध वापरा. खायला गांडुळं आणि बुडणाऱ्या गोळ्या: मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी साधारण त्याच्या डोक्याएवढं. उरलेलं अर्ध्या तासात काढून टाका.

विकत घेताना पुढचे पंजे बघा. बोटं सुटी असतील तर क्लॉड, पडद्याने जोडलेली असतील तर ड्वार्फ, म्हणजे छोट्या जातीचा आफ्रिकन बेडूक. पिल्लं दिसायला सारखी असल्याने दुकानात सरमिसळ होते. ड्वार्फला तुमचं 27 अंशांचं पाणी चालेल, पण तो जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा, म्हणजे रेडटेलसाठी खाऊच.

क्लॉड बेडूक स्वतः आजारी न दिसता कायट्रिड बुरशी बाळगू शकतो, जी इतर बेडकांना मारते. म्हणून त्याची जाळी आणि बादली वेगळी ठेवा, वापरल्यावर पूर्ण वाळवा. टाकीचं पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका आणि नको झालेला बेडूक तिथे सोडू तर मुळीच नका.

बेडूक आधीच आणले असतील तर आजच त्यांना क्लोरीन काढलेल्या पाण्याच्या झाकणवाल्या डब्यात हलवा आणि ते पाणी रोज बदला. झाकणाला हवेसाठी बारीक भोकं हवीत. नवी टाकी लावताना रेडटेलच्या चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा तिच्या फिल्टरमध्ये घाला, म्हणजे उपयोगी जिवाणू लगेच कामाला लागतील. एरवी त्याला चार ते सहा आठवडे जातात. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट (विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साचणारे विषारी पदार्थ) तपासा. दोन्हींपैकी काहीही शून्याच्या वर दिसलं तर लगेच निम्मं पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी खाणं देऊ नका.