आगीनंतरची ओल आणि विम्याचा दावा

प्रश्न : घरात साठवलेला कापूस पेटून एक खोली जळाली. आग विझवताना मारलेल्या पाण्याने शेजारच्या भिंतींना बुरशी आली. विमा कंपनी ती भरपाई नाकारते. काय करावे?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आग विझवताना पाण्याने झालेले नुकसान सामान्यतः आगीच्याच नुकसानीत धरले जाते, म्हणून तलाठ्यांचा पंचनामा आणि पोपडे सुटलेल्या गिलाव्याची तारखेसह छायाचित्रे जोडून नकाराचे कारण लेखी मागावे. घर जळाल्यावर कागद जमवणे जिवावर येते, हे आम्ही जाणतो; तरीही छायाचित्रे काढताच भिजलेला कापूस बाहेर न्यावा, कारण ओल तशीच राहिली तर हलगर्जीपणाचा ठपका येऊ शकतो. नुकसान मोजायला आलेल्या विमा सर्वेक्षकाच्या पाहणीनंतरच गिलावा विटेपर्यंत खरवडावा. बुरशीवर नुसता चुना मारल्यास काळे ठिपके पुन्हा उमटतात. कंपनीने 1 महिन्यात उत्तर न दिल्यास विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) विनाशुल्क तक्रार करता येते.